गणवेशाचा नियम कापडाला लावा, अंगाला नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या आपल्या अंकात बॅंड पथकांच्या ढासळत्या शिस्तीवर एक पत्र आलं होतं. पत्रलेखक स्वतः एके काळी संचलनात चालले असावेत, हे त्यांच्या नजरेवरून कळतं. काळ्या पँटखाली चमकणारे पांढरे मोजे, कॉलरवर आलेले केस, एकाच रांगेत कुणाची टोपी कपाळावर तर कुणाची भुवयांवर, हे सगळं त्यांनी टिपलंय आणि बरोबर टिपलंय. पुढे त्यांनी तीन उपाय सुचवले आहेत. ज्याचा गणवेश नियमात बसत नाही त्याला जागच्या जागी रांगेतून काढावं. पुढच्या दोन रांगांत एकाच उंचीची, एकाच बांध्याची मुलं घ्यावीत. आणि सगळ्यांचे केस एकाच मापात कापावेत. हे वाचून मला राहवलं नाही, कारण त्यातला पहिला उपाय मी स्वतः करून बसले आहे.

मी एका बॅंड पथकाचं कपड्यांचं कपाट सांभाळते. त्याआधी ९ वर्षं त्याच पथकात क्लॅरिनेट वाजवलं. कपाट हाती आलं त्याला आता १९ वर्षं होतील. पथक ६४ जणांचं, आठाच्या आठ रांगा. म्हणजे ६४ जॅकेटं, ६४ पँट, ६४ टोप्या, ६४ तुरे, १२८ हातमोजे, आणि प्रत्येक हंगामात उंची वाढून आलेली निदान २० मुलं. त्यामुळे गणवेश म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर मैदान येत नाही, सुईदोरा आणि मापाची टेप येते. हे आधी सांगते, म्हणजे मी कुठे उभी राहून बोलते आहे ते वाचकांना कळेल.

पांढऱ्या मोज्याचं आधी सांगते. मैदानाबाहेरच्या माणसाला वाटतं, मोजा तो केवढा, त्याचं एवढं काय. पण चालताना गुडघा वर येतो, त्याबरोबर पँटची कड वर जाते, आणि बूट व पँट यांच्यामध्ये दोन-तीन बोटांची फट दिसते. मोजा काळा असेल तर पायाची काळी रेघ कमरेपासून टाचेपर्यंत अखंड राहते. मोजा पांढरा असेल तर दर पावलाला एक पांढरी पट्टी चमकते आणि विझते. बाकी ६३ जणांचे पाय एका तालात पडत असले तरी बघणाऱ्याची नजर त्या चमकणाऱ्या पट्टीवरच जाऊन बसते. एखाद्याने अर्धा सूर चुकीचा लावावा आणि सगळ्या मैदानाला तो ऐकू यावा, तसं होतं ते. तेव्हा मोज्याच्या बाबतीत सवलत नको, या मताशी मी पूर्ण सहमत आहे.

आता माझी चूक. ११ वर्षांपूर्वी एका मोठ्या स्पर्धेच्या दिवशी मैदानाच्या फाटकाशी मी मुलांची शेवटची तपासणी करत होते. पाचव्या रांगेतला एक मुलगा, झांजा वाजवणारा, १४ वर्षांचा, राखाडी मोजे घालून आला होता. नियम होता, सर्वांना ठाऊक होता, मी आदल्या दिवशी पुन्हा सांगितलाही होता. मी त्याला बाहेर काढलं. तो काही बोलला नाही. झांजा खाली ठेवल्या आणि बाजूला भिंतीशी जाऊन उभा राहिला. पथक आत गेलं. मी वर जाऊन बघायला बसले, आणि पाचव्या रांगेत एक भगदाड मला दिसलं. आठांची रांग सातांची झाली होती. शेजारची मुलं ते अंतर भरून काढायला सरकत होती, त्यामुळे मागची रांगही वाकडी होत गेली. आणि जिथे झांजांचा ठोका पडून पुढची चाल सुरू व्हायची, तिथे ठोकाच पडला नाही. राखाडी मोजे कदाचित चार लोकांनी पाहिले असते. भगदाड सगळ्यांनी पाहिलं.

नंतर कळलं की त्याच्याकडे काळ्या मोज्यांचा एकच जोड होता. आदल्या दिवशीच्या सरावात भिजला, रात्रभर वाळला नाही. माझ्या पेटीत सुया होत्या, दोरे होते, टाचण्या होत्या, बटणं होती, बूट पुसायची फडकी होती. काळे मोजे नव्हते. नियम मी केला होता आणि तो पाळण्याची सोय मी केली नव्हती. त्या मुलाने पुढच्या हंगामाला नाव दिलं नाही. त्याच्या पाठीकडे बघत मी फाटकाशी उभी होते, ते अजून आठवतं.

तेव्हापासून पेटीत १२ जोड काळे मोजे असतात, ६ जोड हातमोजे जास्तीचे, कंबरेचे दोन पट्टे, हनुवटीखालच्या पट्ट्या, केसांच्या पिना आणि जाळ्या. तपासणी फाटकाशी होत नाही. मैदानावर जायच्या ४० मिनिटं आधी होते. पाच मिनिटं आधी सापडलेला दोष फक्त ओरडा खाण्याच्या कामाचा असतो. ४० मिनिटं आधी सापडलेला दोष दुरुस्त होतो. मुलं जोडीजोडीने एकमेकांना तपासतात, कारण स्वतःची पाठ कुणाला दिसत नाही, आणि दुमडलेली कॉलर, बाहेर आलेलं लेबल, सुटलेली केसांची बट हे सगळं पाठीमागेच असतं. मी शेवटी एक फेरी मारते. फार तर दोन-तीन गोष्टी सापडतात.

आता दुसऱ्या उपायाकडे येते, एकसारख्या उंचीच्या आणि बांध्याच्या मुलांकडे. इथे मला पत्रलेखकांना मनापासून सांगायचंय की संचलनाचा एकसारखेपणा अंगात नसतोच. तो पावलात असतो आणि कापडात असतो. पावलाचंच बघा. मैदानी संचलनात सर्रास वापरलं जाणारं माप आठ पावलांत पाच यार्डांचं आहे. म्हणजे एक पाऊल २२.५ इंचांचं, साधारण ५७ सेंटिमीटर. लांब पायांच्या मुलाला ते आखडून टाकावं लागतं, बुटक्या मुलाला जरा ताणून. दोघंही महिनोन्‌महिने घोटतात तेव्हा कुठे ते एक होतं. पाय सारखे नाहीत म्हणून तर पावलाचं माप ठरवावं लागलं.

कापडाचंही तसंच. बॅंडचं जॅकेट आखूड आणि पँट उंच कमरेची का शिवतात? लांबून बघणाऱ्याला पाय सगळ्यांचे लांब आणि साधारण एकाच प्रमाणात दिसावेत म्हणून. हल्ली अनेक पथकं खांद्यावरून पट्टे घेतलेली, छातीपर्यंत चढणारी पँट वापरतात. वाद्य तोंडाशी नेताना हात वर गेले तरी जॅकेटखालून शर्ट डोकावत नाही. पांढरे हातमोजे हातांची हालचाल लांबवर पोचवतात. क्लॅरिनेट आणि बासरीवाल्यांच्या हातमोज्यांची बोटं कापलेली असतात, कारण भोकांवर आणि कळांवर उघडी बोटं लागतात, आणि प्रेक्षकांत बसून ते कापलेलं कुणालाही दिसत नाही. टोपीची कड नाकाच्या वर दोन बोटं. तुरा सरळ. पँटची कड पुढे बुटावर नुसती टेकलेली, चुणी न पडता, आणि मागे बोटभर खाली.

ही शेवटची गोष्ट मी स्वतः करते, म्हणून जरा सविस्तर सांगते. आमच्या पँटच्या आतल्या बाजूला खाली हातभर जादा कापड दुमडलेलं असतं आणि त्यावर टिचबटणांच्या ओळी असतात. मुलाला बूट घालून, वाद्य अंगावर चढवून उभं करायचं. वाद्याशिवाय माप घेतलं की फसलंच, कारण सुझाफोन, म्हणजे अंगाभोवती वेटोळं घेणारा तो मोठा भोंगा, खांद्यावर आला की माणूस किंचित दबतो, मोठा ढोल पुढे आला की मागे रेलतो, आणि पँट तेवढी वर-खाली होते. मग गुडघ्यावर बसून बटणं लावायची, एक ओळ वर, एक ओळ खाली. ६४ जणांचं असं करायला दोन संध्याकाळी जातात. पण नंतर सगळ्यांना एका ओळीत उभं करून जमिनीलगत नजर नेली की ६४ पँटच्या कडा एका दोरीत दिसतात. आत उभ्या असलेल्या मुलांपैकी एक ५ फूट असतो, एक ६ फूट. ती दोरी टिचबटणांनी आणलेली असते, मुलं निवडून नव्हे.

बांध्याबद्दल तर मला राग येतो, तो लपवत नाही. आडव्या अंगाची मुलं मागच्या रांगेत, हे मी वादक असताना आमच्याकडेही चालायचं. त्याला शिस्त म्हणायचे. खरं कारण एवढंच होतं की मोठ्या मापाची जॅकेटं कमी शिवून घेतलेली असायची, आणि जी होती ती छातीवर ताणलेली दिसायची. मापाचं कपडं न शिवणाऱ्यांची चूक मुलाच्या पोटावर ढकलायची! मागच्या रांगेत पाठवलेलं मूल काय समजतं ते मला ठाऊक आहे, कारण माझी धाकटी बहीण तशी पाठवली गेली होती.

मापाचं कपडं म्हणजे नुसतं दिसणं नव्हे, त्याची एक हकीकत सांगते. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक मुलगी ट्रम्पेटवर होती. सरावात, साध्या कपड्यांत, तिचे वरचे सूर मोकळे लागायचे. गणवेश चढवला की दबायचे. बॅंडमास्तरांना वाटलं गर्दीला घाबरते. तिलाही तसंच वाटायला लागलं होतं. एकदा जॅकेटचं बटण तुटलं म्हणून ती माझ्याकडे आली. बटण पुन्हा लावलं, आणि सहज म्हटलं, एक लांब श्वास घे बघू. तिने घेतला आणि तो अर्ध्यावर थांबला. बटणपट्टीवर आडव्या चुण्या उमटल्या, काखेखालची शिवण ताणली, आणि तिचे खांदे वर आले. श्वास खाली पोटात जायला जागाच नव्हती म्हणून तो वर खांद्यांत गेला. मी टेप काढली. शांत उभी असताना छातीचं माप आणि पूर्ण श्वास भरल्यावरचं माप यांत ६ सेंटिमीटरचा फरक. जॅकेट शिवलं होतं पहिल्या मापावर, आणि तेसुद्धा मुलांच्या सरळ कापावर. आत अस्तराशी दाबलेलं कापड होतं, नशीब. दोन्ही बाजूंच्या शिवणी उसवून दीड-दीड बोट सैल केल्या, पुन्हा टीप घातली. पुढच्या कार्यक्रमात तिने तो सूर धरला तेव्हा बॅंडमास्तरांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

त्या दिवसापासून आमचा नियम आहे: वारा फुंकून वाजवायची वाद्यं ज्यांच्या हातात आहेत, त्यांच्या छातीचं माप पूर्ण श्वास भरून घ्यायचं. कुठल्याही पथकाने हा नियम उचलावा.

मुलांच्या सरळ कापावर मुलींची जॅकेटं, ही काही आमच्याच पथकाची गोष्ट नाही. बॅंडची परंपरा पलटणींतून आली आणि पलटणी पुरुषांच्या होत्या. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठाचा बॅंड जगभर नावाजलेला आहे, चालत चालत आपल्या राज्याचं नाव मैदानावर लिहिणारा. त्या बॅंडमध्ये मुलींना प्रवेश मिळाला तो १९७३ साली, शिक्षणात लिंगभेद करायला मनाई करणारा कायदा १९७२ मध्ये आल्यानंतर. म्हणजे इतक्या अलीकडची ही गोष्ट आहे. कपाटातले कागदी नमुने त्याहून जुने असले तर नवल नाही, पण ते बदलायला हवेत.

आणि परंपरेचाच दाखला द्यायचा असेल तर तीही नीट बघू या. १८व्या शतकातल्या ब्रिटिश पायदळात ढोलवाल्यांना इतर शिपायांसारखा कोट नसे. रंग उलटे असत: शिपायाच्या लाल कोटाची कॉलर आणि बाहीची पट्टी ज्या रंगाची, त्या रंगाचा अख्खा कोट ढोलवाल्याला, आणि त्यावर पट्ट्या लाल. कारण लढाईत हुकूम ढोलाच्या ठोक्यावरून पोचत, आणि धुरात, गर्दीत अधिकाऱ्याला आपला ढोलवाला चटकन दिसायला हवा. वादकाचा गणवेश वेगळा शिवला गेला तो कामासाठी. आजही ड्रम मेजरचा, म्हणजे पुढे चालून पथकाला इशारे देणाऱ्याचा, वेश पथकापेक्षा वेगळा असतो तो त्याचसाठी, ६४ जणांना तो एका नजरेत सापडावा म्हणून.

दुसरं उदाहरण आजही बघायला मिळतं. ब्रिटनच्या राजवाड्यावर पहारा देणाऱ्या पाचही पायदळ पलटणींचे कोट लाल, टोप्या अस्वलाच्या कातड्याच्या. लांबून पाहिलं तर एकच पलटण वाटेल. जवळ गेलात की बटणं मोजा. ग्रेनेडियरची बटणं एकेक सुटी, कोल्डस्ट्रीमची दोन-दोनच्या जोडीत, स्कॉट्सची तीन-तीन, आयरिशची चार-चार, वेल्शची पाच-पाच. सगळा रुबाब एकसारखेपणाचा आहे आणि तरी त्यात प्रत्येकाला आपली ओळख ठेवायला जागा आहे. आणि या पलटणींच्या सोहळ्यात २०१८ साली कोल्डस्ट्रीमचा एक शीख जवान काळी पगडी बांधून चालला, पलटणीचा बिल्ला पगडीवर लावून. रांग मोडली नाही.

केसांच्या तिसऱ्या उपायाला माझं उत्तर यातच आलं. नियम असा लिहावा की केस कॉलरला टेकू नयेत आणि टोपीखालून दिसू नयेत. तो पिना लावून, वेणी गुंडाळून, जाळी घालून पाळता येतो. कात्री कशाला? पगडी किंवा डोक्यावरचं वस्त्र असेल तर रंग एक, बांधणी नीटस, बिल्ला ठरल्या जागी. झालं. दागिने मात्र सगळ्यांचे उतरलेच पाहिजेत, कानातलं उन्हात चमकतं आणि अंगठी हातमोजा फाडते.

आता ज्या विषयासाठी मी खरं तर लिहायला बसले, त्याकडे येते. ऊन.

जून २०२३ मध्ये लंडनच्या वार्षिक लष्करी सोहळ्याच्या तालमीत, राजपुत्र विल्यम पाहणी करत असताना, काही जवान उन्हाने कोसळले. तापमान ३० अंश सेल्सियसच्या आसपास. अंगात लोकरीचा कोट, डोक्यावर ती जाड टोपी. त्यांत एक ट्रॉम्बोनवाला होता. तो पडला, पुन्हा उठला, आणि उभा राहून वाजवायला लागला. चित्रफीत पुष्कळांनी पाहिली असेल. लोकांनी त्याच्या निष्ठेचं कौतुक केलं. मला ती बघवली नाही. ते प्रशिक्षित सैनिक होते, बाजूला मदत घेऊन माणसं उभी होती. आपल्या पथकांत १३-१४ वर्षांची मुलं असतात, आणि ऊन त्याहून कडक असतं.

बंद गळ्याचं जॅकेट, खाली छातीपर्यंतची पँट, हातमोजे, टोपी. घाम येतो, पण तो उडून जायला वाट नाही, आणि घाम उडाला नाही तर अंग निवत नाही. हवा दमट असेल तर आणखीच कठीण. म्हणून उष्णतेचा धोका मोजताना नुसत्या तापमानावर जात नाहीत. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तापमापकाचं माप, उन्हात टांगलेल्या काळ्या गोळ्याचं माप आणि हवेचं तापमान असे तीन आकडे घेतात, आणि त्यांतलं ७० टक्के वजन ओल्या फडक्याच्या आकड्याला देतात. दमटपणा किती मोठा आहे ते यावरून समजा. त्यात ताठ उभं राहायचं म्हणून मुलं गुडघे मागे ओढून कुलूप लावल्यासारखे घट्ट धरतात. पायांच्या स्नायूंची हालचाल थांबते, रक्त खाली साचतं, डोक्याकडे कमी पडतं, आणि मूल सरळ पुढे पडतं. ‘गुडघे मऊ ठेवा, बुटात बोटं हलवत राहा’ हे आमच्याकडे पहिल्या दिवशी शिकवतात, पाऊल शिकवायच्याही आधी.

तरी आमच्याकडेही घडलं. कुठे ते सांगत नाही. एका कार्यक्रमात पाहुण्यांना उशीर झाला आणि आमची मुलं पूर्ण गणवेशात, तुरे लावून, दीड तास उन्हात उभी होती. आयोजकांचा निरोप होता की रांग मोडू नका, पाहुणे कधीही येतील. आम्ही मोठी माणसं चौघं होतो तिथे. चौघांनाही कळत होतं की जॅकेटं उतरवायला हवीत. पण ते सांगायचं कुणी? बॅंडमास्तर आयोजकांकडे बघत होते, मी बॅंडमास्तरांकडे, मुलं आमच्याकडे. चौथ्या रांगेतली एक मुलगी कोसळली. क्लॅरिनेट हातातून सुटली नाही तिच्या, ती तशीच छातीशी धरून पडली. तिच्या गळ्याचा हूक काढायला मला तीन प्रयत्न लागले, कारण तो मीच आदल्या आठवड्यात घट्ट शिवला होता, सुटू नये म्हणून. कॉलरच्या आत हात घातला तर मान भाजल्यासारखी गरम. ती बरी झाली, सावलीत नेऊन, पाणी मारून, वारा घालून अर्ध्या-पाऊण तासात बोलायला लागली. पहिलं वाक्य होतं, ‘माझी टोपी कुठे आहे?’ तिला वाटत होतं की टोपी पडली म्हणून आपल्याला रांगेतून काढतील.

हे मी विसरू शकत नाही. आपण मुलांना गणवेशाची इतकी धास्ती घातली होती की शुद्धीवर येताना तिला पहिली काळजी टोपीची होती.

चांगल्या पथकांत एक जुना दंडक आहे: जॅकेट सगळ्यांचं बंद, नाहीतर सगळ्यांचं उघडं. टोपी सगळ्यांच्या डोक्यावर, नाहीतर सगळ्यांच्या डाव्या काखेत. अर्धवट कुणी नाही. हा दंडक मला अतिशय आवडतो, कारण यात एकसारखेपणाही राहतो आणि मुलंही वाचतात. एका मुलाला गरम होतंय म्हणून त्याने एकट्याने बटण उघडलं तर ती बेशिस्त. पण एक हुकूम सुटला आणि ६४ जणांनी एका हालचालीत जॅकेट उतरवलं, अस्तर बाहेर करून घडी घातली आणि डाव्या हातावर घेतलं, तर ते बघायलाही सुंदर असतं. आम्ही ते पावलांसारखं घोटलंय. आत घालायचा शर्टही म्हणूनच ठरलेला आहे, सगळ्यांचा एकाच रंगाचा, सुती, पथकाचं चिन्ह असलेला. जॅकेट उतरलं तरी पथक पथकच दिसतं. दोन गणवेश म्हणा ना, एक वरचा, एक आतला. तुरा तर शेवटच्या पाच मिनिटांत लावायचा असतो. तो तासभर आधी लावून मुलांना ताटकळत ठेवण्याला काही अर्थ नाही, शिवाय घामेजल्या हातांनी पिसं खराब होतात.

कानांचंही एक सांगायचं राहिलं. ताशांच्या आणि स्नेअर ढोलांच्या रांगेत शंभर डेसिबलच्या वर आवाज सहज जातो. अमेरिकेतल्या कामगार आरोग्य संस्थेची सुरक्षित मर्यादा ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास अशी आहे, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. हिशेब केला तर शंभरला १५ मिनिटं राहतात. सराव दोन तास चालतो. तेव्हा आवाज अडवणारी कानातली बोंडं हाही गणवेशाचाच भाग धरा, तपासणीत मोज्यांबरोबर तीही बघा. टोपीखाली ती कुणाला दिसत नाहीत. आमची मुलं आधी कुरकुरली, ताल ऐकू येत नाही म्हणाली. तीन आठवड्यांत सवय झाली.

शेवटी आयोजकांना आणि परीक्षकांना एक-दोन विनंत्या. गणवेशाचे गुण ठेवा, जरूर ठेवा, पण कशाकशाचे ठेवणार ते हंगामाच्या आधी लेखी कळवा. परीक्षक बदलला की मोज्यांची उंची बदलते, हे आम्ही भोगलंय. मुलाचा बांधा, रंग, उंची यांवर ‘पथक एकजिनसी वाटत नाही’ असे शेरे मारू नका. शेरा मारायचाच तर कोणती कड, कोणती बाही, कितव्या रांगेत, असं लिहा, म्हणजे मला रात्री बसून ती दुरुस्त करता येईल. कपडे बदलायला सावलीची जागा, एक मोठा आरसा आणि पाणी, एवढं मैदानाशेजारी मिळालं तर मोज्यांच्या निम्म्या तक्रारी तिथेच मिटतील. गणवेश पथकाने द्यावा, मोज्यांसकट. ज्या वस्तूवरून मुलाला रांगेतून काढण्याची भाषा आपण करतो, ती वस्तू त्याच्या घरच्या ऐपतीवर सोडता येणार नाही.

आमचा नियमांचा कागद एका पानाचा आहे. पँटची कड, बाहीची कड, टोपीची कड, केस, मोजे, बोंडं. खाली वेगळ्या चौकटीत जॅकेट उतरवण्याचा हुकूम कुणी द्यायचा ते लिहिलंय: बॅंडमास्तर, ते नसतील तर ड्रम मेजर, आणि दोघंही गप्प राहिले तर गणवेशप्रमुख. पाहुणे यायचे असोत किंवा नसोत. त्या चौकटीखाली मी सही केली आहे.

आपली,
एका बॅंड पथकाची गणवेशप्रमुख
(पथकातल्या मुलांची ओळख उघड होऊ नये म्हणून नाव छापू नये, ही विनंती.)